गाणी फुकट ऐकायला मिळत असताना श्रोत्याने पैसे का द्यावेत?

मोबाइलवर हवे ते गाणे फुकट मिळत असताना श्रोत्याने पैसे का द्यावेत आणि दिलेच तर ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्यापर्यंत पोहोचतात का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात गेली 22 वर्षे ख्यालगायनाला तबल्याची साथ करतो, त्यामुळे माझे उत्तर त्या बाजूचे आहे. पैसे द्यायलाच हवेत असे माझे ठाम मत आहे. मात्र ते कुठे दिले जातात, याने फार फरक पडतो.

गाणी ऐकवणाऱ्या ॲपला दिलेली आपली वर्गणी आपण ऐकलेल्याच कलाकारांमध्ये वाटली जाते, असा अनेकांचा समज असतो. स्पॉटिफायसारख्या सेवेत प्रत्यक्षात सर्वांची वर्गणी एकत्र होते, कंपनी आपला हिस्सा काढून घेते आणि उरलेली रक्कम एकूण ऐकण्यात ज्याचा जितका वाटा त्या प्रमाणात हक्कधारकांकडे, म्हणजे बहुतेक वेळा ध्वनिमुद्रण कंपन्यांकडे, जाते. आपण महिनाभर केवळ मारवा राग ऐकलात, तरी आपल्या पैशांचा मोठा भाग त्या महिन्यात गाजणाऱ्या गाण्यांना मिळतो. शिवाय 30 सेकंद ऐकले की एकदा ऐकल्याची नोंद होते, मग ते साडेतीन मिनिटांचे चित्रपटगीत असो की 40 मिनिटांचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल. त्यातच 2024 पासून, ज्या ध्वनिमुद्रणाची वर्षभरात 1,000 वेळाही नोंद होत नाही, त्याला तिथे मोबदलाच मिळत नाही.

चित्रपटसंगीतात कॉपीराइट कायद्याच्या 2012 मधील दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना मोठा आधार दिला. पूर्वी एकरकमी पैसे घेऊन सारे हक्क निर्मात्याला लिहून दिले जात; आता रॉयल्टीतला आपला समान वाटा त्यांना निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही. गायक-वादकांचे हक्कही कायद्यात आहेत, पण स्टुडिओत वाजवायला गेलो की शिफ्टचे पैसे हाती पडतात आणि तो विषय तिथेच संपतो, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

मग चरितार्थ कशावर चालतो? मुख्यतः शिकवण्यांवर. आठवड्यातले पाच दिवस मी संध्याकाळी मुलांकडून गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची तयारी करून घेतो आणि घरखर्च त्यातून भागतो. मैफलींची बिदागी दिवाळी पहाटेपासून फेब्रुवारीपर्यंत बरी असते. जून-जुलैत डायरी कोरी राहते.

काही वर्षांपूर्वी विनामूल्य प्रवेश असलेल्या एका कार्यक्रमात सभागृह खच्चून भरले होते, लोक पायऱ्यांवर बसले होते. द्रुत बंदिशीत माझ्या दायाँच्या, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याच्या, शाईला (मधल्या काळ्या थराला) तडा गेला. शेवटी आम्हा साथीदारांना शाल-श्रीफळ मिळाले आणि पाकीट पुढच्या आठवड्यात पोहोचते करतो, असे सांगण्यात आले. ते पाकीट आलेच नाही. तबल्याची पुडी, म्हणजे शाईसकट वरचे कातडे, मात्र मला दुसऱ्याच दिवशी पदरच्या पैशांनी बदलून घ्यावी लागली, कारण त्या तबल्यावर शिकवणीही घेता आली नसती. त्या सभागृहातल्या प्रत्येकाने 50 रुपये दिले असते, तर सगळ्यांची बिदागी त्याच रात्री देता आली असती.

श्रोत्यांकडे दानत नाही, असे मला मुळीच वाटत नाही. 1953 पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाचे तिकीट लोक आनंदाने काढतात. पण तेच रसिक 100 रुपयांच्या छोट्या मैफलीला फुकट प्रवेशिका मिळेल का, अशी चौकशी करतात. महोत्सवात गाणारा कलाकार आधी अशाच छोट्या मैफलींतून घडतो, म्हणून पहिले पैसे तिथे द्यावेत, अशी माझी विनंती आहे. वर्गणी परवडत असेल तर तीही सुरू ठेवा, कारण फुकट ऐकणाऱ्यापेक्षा वर्गणीदारामुळे मोबदल्याच्या रकमेत अधिक भर पडते. आणि एखादा कलाकार स्वतः ध्वनिमुद्रण विकत असेल, तर ते त्याच्याकडूनच घ्या. शिकणाऱ्या मुलांनी मात्र तिकिटाची काळजी करू नये. त्यांनी कार्यक्रमाच्या आधी येऊन आम्हाला भेटावे. तानपुऱ्यांच्या मागे त्यांच्यासाठी जागा करता येते.