वाचताना कळतं, पेपरात सुचत नाही

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलं माझ्याकडे समुपदेशनाला आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मॅडम, वाचताना सगळं कळतं, पण पेपर हातात पडला की काहीच सुचत नाही." त्यातही नाव वारंवार निघतं ते ऑपरेटिंग सिस्टिम या विषयाचं. कॉम्प्युटरची मुलं त्याला एसपीओएस (सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम) म्हणतात, आयटीची नुसतं ओएस. तक्रार एकच. म्हणून नाशिकमधल्याच एका मुलीबद्दल लिहिते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

मुलगी निफाडकडची, कॉलेजसाठी इथे रूम घेऊन राहणारी. सोबत वडील होते. म्हणाले, "पोरगी रात्री दोन-दोनपर्यंत पुस्तक घेऊन बसते, तरी विषय राहिला, बॅक लागला. तिला झेपत नसंल तर तसं सांगा, आम्ही काही बोलणार नाही." बोलले ते मायेनेच, पण 'झेपत नसंल' ऐकताच मुलीची मान खाली गेली. मी वडिलांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

"तुलाही तसंच वाटतं?"

"बाकीच्यांचं डोकं चालतं मॅडम. मी दहावीपर्यंत मराठी मीडियमची. ओएस म्हणजे सगळी थिअरी, पाठ करते, पण राहतच नाही."

"अभ्यास करतेस म्हणजे नेमकं काय करतेस?"

तिने नोट्स काढून दाखवल्या. पानंच्या पानं हायलायटरने पिवळी झाली होती. डेडलॉकच्या, म्हणजे प्रोग्राम एकमेकांची वाट बघत अडकून पडण्याच्या, चार अटी चार रंगांत होत्या. पण स्वतः सोडवलेलं एकही उदाहरण वहीत नव्हतं. "सोडवलेली उदाहरणं वाचते की," ती म्हणाली.

गोम इथेच होती. तीच पानं पुन्हा पुन्हा वाचली की ती ओळखीची होतात, आणि ओळखीचं झालं म्हणजे आपल्याला आलं असं मन ठरवून टाकतं. पेपरात मात्र समोर पान नसतं. मग मूल स्वतःच्या पद्धतीला नव्हे, स्वतःच्या बुद्धीलाच दोष देतं. आधी आत्मविश्वास आणि मग अभ्यास, हा क्रम मला कधीच पटलेला नाही. हात चालायला लागला की मन मागून येतं, यावर माझा विश्वास आहे आणि या खोलीत मी ते अनेकदा पाहिलं आहे.

पुढच्या भेटीत मी तिला म्हटलं, "मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं समज. मराठीत सांग." अडखळत तिने सुरुवात केली. मेमरीत जागा थोडी, म्हणून प्रोग्रामचे तुकडे, म्हणजे पेजेस, लागतील तसे आणायचे. हवं ते पेज जागेवर नसलं की पेज फॉल्ट. जागा भरली की कुणाला तरी बाहेर काढायचं, आणि फीफोमध्ये जो आधी आला तो आधी बाहेर. मी कोरा कागद पुढे केला. पेजेस कोणत्या क्रमाने लागतील याची पुस्तकातलीच माळ तिने लिहिली: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. मेमरीत तीन जागा धरून सोडवलं, तर फॉल्ट आले ९. मग चार जागा धरल्या. आले १०.

तिने लगेच खोडलं. "चुकलं माझं. जागा वाढली तर फॉल्ट कमी व्हायला पाहिजेत."

"पुन्हा कर."

पुन्हा १०. तिसऱ्यांदा एकेका आकड्यावर बोट ठेवत गेली, तरी १०. ती रडवेली झाली. मी विचारलं, "तुझी कुठली पायरी चुकली, दाखव." तिने वरून खाली पाहिलं, मग खालून वर. बराच वेळ गेला. मग हळूच म्हणाली, "पायरी कुठलीच चुकली नाहीये मॅडम."

नोट्स उघडल्या तर हेच उदाहरण 'बेलाडीज अ‍ॅनॉमली' या नावाखाली पिवळं करून ठेवलेलं! संगणकशास्त्रज्ञ बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये नेमकी हीच विसंगती मांडली होती. व्याख्या तिला पाठ होती, पण ती स्वतःच्या हाताखालून निघाली तेव्हा तिने पहिली शंका घेतली ती स्वतःवर. त्या दिवशी मी तिला एवढंच म्हटलं, "तुझा हात बरोबर होता. तू त्याच्यावर विश्वास ठेवला नाहीस." ती आधी हसली, मग रडली. त्यानंतर तिनेच मला समजावलं की फीफो पेज किती जुनं आहे एवढंच पाहतं, ते कामाचं आहे का हे पाहत नाही. एलआरयूमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ न वापरलेलं पेज बाहेर काढण्याच्या पद्धतीत, असं होत नाही, कारण तीन जागांत जी पेजेस असतात ती चार जागांतही असतातच. हे वाक्य पाठ केलेलं नव्हतं, तिचं होतं.

हीच चिंता असलेल्या मुलांना माझं सांगणं आहे: हा विषय वाचायचा नाही, कागदावर चालवायचा आहे. राउंड रॉबिनचं, म्हणजे प्रत्येक प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) पाळीपाळीने ठरावीक वेळ देण्याचं, एकच उदाहरण घ्या, क्वांटम, म्हणजे एका पाळीचा वेळ, आधी २ ठेवा, मग इतका मोठा करा की प्रत्येक प्रोसेस एकाच पाळीत संपेल. ते एफसीएफएस, म्हणजे जो आधी आला त्याचं काम आधी पूर्ण, कसं होऊन बसतं ते तुमचं तुम्हालाच दिसेल. फोर्क, म्हणजे चालू प्रोसेसमधून तिचीच प्रत काढणारा कॉल, ओळीने तीनदा लिहिला तर एकूण प्रोसेस किती? आधी अंदाज लिहा, मग झाड काढून मोजा. आठ येतील. डेडलॉकच्या चार अटी रंगवू नका, त्यातली एक काढून टाका आणि अडलेलं कसं सुटतं ते बोलून दाखवा. मराठीत बोललात तरी चालेल. इंग्रजी उत्तर नंतर लिहिता येतं, आधी गोष्ट कळू द्या. आणि अंदाज चुकला तर ते पान फाडू नका, ओरलच्या आदल्या दिवशी तेच सगळ्यात उपयोगी पडतं.

पालकांनो, 'झेपत नसेल तर सोड' हे प्रेमाने म्हटलं तरी मुलाच्या कानाला तो निकाल वाटतो. त्यापेक्षा "आज काय सोडवलंस, मला दाखव" म्हणा. तुम्हाला त्यातलं कळण्याची गरज नाही. या मुलीचे वडील दर रविवारी फोनवर तिच्याकडून एक गोष्ट समजून घेऊ लागले. बॅक पुढच्या परीक्षेत निघाला.

मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यातच अर्थ नाही असं मूल बोलत असेल, तर तो अभ्यासाच्या पद्धतीचा प्रश्न नाही. निकालाची वाट न बघता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा, किंवा सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.