आकडा उतरला, मग गोळी कशाला?

प्रश्न: यांना गेल्या वर्षी स्टेंट बसवला. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२ होतं, आता ६४ आलंय. ‘झालो की बरा!’ म्हणत यांनी कोलेस्टेरॉलची गोळी, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, सोडली. सराफ्यातल्या खाऊगल्लीतले तळलेले गराडूही (एक कंद) पुन्हा सुरू. काय करू?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, ते ६४ गोळीनेच आणलंय. सोडली की काही आठवड्यांत आकडा परत चढतो. आपलं यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं. स्टॅटिन, म्हणजे यांच्या गोळीच्या गटातलं औषध, त्यासाठी लागणारा तिथला एक एन्झाइम अडवतं. यकृताला तुटवडा पडतो, मग ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. नळ गेला की आपण विहिरीवर जायचो ना, तसं. शिवाय धमनीतला चरबीचा जुना थर फुटू नये म्हणूनही ती लागते. तो फुटला की गुठळी होते, आणि हे रिपोर्टात दिसत नाही.

गोळीने पाय दुखतात म्हणून तर सोडली नाही ना? पुरुषमंडळी हे सांगत नाहीत, माझे वडीलही असेच. डोस किंवा औषध बदलता येतं. ही गोळी रात्रीच हवी असं नाही, सकाळी पोह्यांबरोबर दिलीत तरी चालेल.

आणि गुठळी होऊ नये म्हणून दिलेली अ‍ॅस्पिरिन? स्टेंट असताना तीही मनाने बंद केली असेल, तर आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. गराडूंचं नंतर बघू.