चेक परत आला, भाडेकरू हलत नाही, भाऊ सही मागतोय : वाचकांच्या कायदेशीर प्रश्नांना उत्तरे

या वेळी पाच प्रश्न घेतले आहेत. पहिल्या वाचकाकडे मोजकेच दिवस उरले आहेत, म्हणून त्यांचा प्रश्न सर्वांत आधी.

प्रश्न : इचलकरंजीत माझा सुताचा लहानसा व्यापार आहे. एका कारखानदाराचा २ लाख ४० हजारांचा चेक 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' या शेऱ्याने परत आला. "पुढच्या महिन्यात पुन्हा टाका, नक्की पास होईल," असं ते म्हणतात. तीन आठवडे झाले. थांबू का?

थांबायचं असेल तर थांबा, पण आधी नोटीस पाठवा. चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं, त्या दिवसापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ चा सगळा डोलारा या तारखांवर उभा आहे. समजा, बँकेचा मेमो १२ मार्चला हातात आला. मग नोटीस ११ एप्रिलपर्यंत निघायला हवी. समोरच्याला ती १५ एप्रिलला मिळाली, तर पैसे द्यायला त्याला १५ दिवस, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत मुदत. तोवर पैसे आले नाहीत, तर मे महिन्यात न्यायालयात तक्रार. हे १५ दिवस पुरे होण्याआधी घाईने केलेली तक्रार टिकत नाही. तक्रारीला उशीर झाला, तर सबळ कारण दाखवून तो माफ होऊ शकतो. नोटिशीच्या उशिराला मात्र माफी नाही.

नोटिशीत चेकची रक्कम जशीच्या तशी लिहा. व्याज किंवा जुनी बाकी मागायची असेल तर वेगळी दाखवा, एकाच आकड्यात मिसळू नका. चेक घेतल्यानंतर त्यातले काही पैसे रोख किंवा यूपीआयने आले असतील, तर वकिलाला ते आधीच सांगा. ती रक्कम चेकवर नोंदवल्याशिवाय पूर्ण रकमेचा चेक भरला, तर खटला तिथेच अडखळतो. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. पावती, डिलिव्हरीचा पुरावा आणि बँकेचा मेमो एकाच फायलीत लावा.

चेकवरच्या तारखेपासून तीन महिने झाले नसतील, तर तो पुन्हा भरता येतो, आणि पुन्हा परत आला तर नोटिशीचे ३० दिवस नव्याने सुरू होतात. पण तीन महिन्यांची ही खिडकी तुमच्यासाठी किती दिवस उघडी आहे, ते आजच चेक काढून बघा. तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात होते, कारखानदाराच्या गावी जावं लागत नाही. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खटला चालू असताना चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागण्याची सोयही २०१८ पासून आहे.

प्रश्न : नाशिकच्या अंबड भागात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मोठ्या कंपनीचं जॉबवर्क करतो. पर्चेस ऑर्डरवर '९० दिवसांत पेमेंट' छापलेलं असतं, प्रत्यक्षात १५० दिवस जातात. सही मीच केली आहे, आता काही करता येईल का?

येईल. तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु असेल आणि उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लघुउद्योगांची नोंदणी) झालेली असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यापुढे ती ९० दिवसांची अट चालत नाही. लेखी करार काहीही असो, मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस. करारच नसेल तर १५ दिवस. पुढच्या प्रत्येक दिवसासाठी रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागू होतं. दाद सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या राज्याच्या सरकारी मंडळाकडे मागायची. खरेदीदार देशात कुठेही असो, अर्ज तुमच्या राज्यातल्या परिषदेकडे करता येतो.

"तक्रार केली तर काम बंद होईल," ही भीती खरी आहे, मी ती हलकी मानत नाही. म्हणून आधी वेगळा दरवाजा वापरा. या मुदतीत तुमचे पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पेमेंट होईपर्यंत कंपनीला आयकरात वजा दाखवता येत नाही. हा नियम २०२४-२५ या कर-निर्धारण वर्षापासून लागू आहे. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख ठळक छापा, आणि मार्चच्या आधी कंपनीच्या अकाउंट्स विभागाला थकबाकीचं साधं पत्र द्या. नोंदणी नसेल तर पुढचं काम हाती घेण्याआधी करून घ्या, ती मोफत आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र उद्यम नोंदणी असली तरी थकबाकीचं हे संरक्षण मिळत नाही.

प्रश्न : पुण्यातला फ्लॅट ११ महिन्यांसाठी भाड्याने दिला. एजंट म्हणाला, वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, म्हणून नोटरी केली. मुदत संपून दोन महिने झाले, भाडेकरू जात नाही.

एजंटने तुम्हाला चुकीचं सांगितलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणीकृत करार असता, तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी सरळ अर्ज करता आला असता आणि दुप्पट भाड्याने भरपाई मागता आली असती. आता करारातल्या अटी सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर आहे.

पाणी किंवा वीज तोडू नका, कुलूप बदलू नका. तसं केलंत की दोषी तुम्ही ठराल. वकिलामार्फत घर सोडण्याची नोटीस द्या. भाडेकरू राहायला तयार असेल आणि तुमचीही हरकत नसेल, तर नवा करार नोंदवून घ्या. २० हजार भाडं आणि ६० हजार डिपॉझिट असेल, तर ११ महिन्यांचं मुद्रांक शुल्क साडेपाचशे-सहाशे रुपयांच्या आसपास येतं, शहरात नोंदणी फी एक हजार. घरबसल्या ऑनलाइन होतं.

प्रश्न : वडिलांनी ठाण्याच्या फ्लॅटसाठी सोसायटीत मोठ्या भावाला नॉमिनी केलं होतं. मृत्युपत्र नाही. भाऊ म्हणतो, फ्लॅट माझा.

नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. सोसायटी त्याला तात्पुरता सदस्य करून घेईल, पण मालकी वारसांची. फ्लॅट वडिलांच्या स्वकमाईचा असेल, तर हिंदू वारसा कायद्याने आई आणि सर्व भावंडं समान वाटेकरी. भावाच्या नावे परस्पर हस्तांतर करू नये, असं पत्र सोसायटीला देऊन पोच घ्या.

प्रश्न : मी साताऱ्याची. वडील २००३ मध्ये गेले, सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं लागली. आता जमीन विकायची म्हणून भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय. "कायदा २००५ चा, वडील त्याआधी गेले, तुझा हक्क नाहीच, नुसती सही दे," म्हणतो. माहेर तुटेल का, याचीच भीती वाटते.

ताई, हक्कच नसता तर सहीची गरज काय होती? ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं, की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्माने येतो. हिंदू वारसा कायद्यात ही दुरुस्ती २००५ मध्ये झाली, तेव्हा वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकमाने वाटप झालं असेल, तर ते मात्र मोडत नाही. आणि वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात तर मुलगी १९५६ पासूनच वारस आहे. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकी त्याने ठरत नाही. लग्नात खर्च केला, सोनं घातलं, याने वाटा फिटला असंही कायदा मानत नाही.

हक्कसोड स्वखुशीने द्यायचं असेल तर जरूर द्या, तो तुमचा अधिकार आहे. पण दुय्यम निबंधकासमोर सही केलेलं पत्र नंतर मनात आलं म्हणून रद्द होत नाही. म्हणून सही करण्याआधी गट नंबर आणि क्षेत्र वाचा. 'सर्व मिळकतीतील हक्क' असं मोघम लिहिलेलं असेल, तर विकायच्या जमिनीबरोबर घरावरचा आणि बाकीच्या रानातला हक्कही जातो. मोबदला ठरला असेल तर तो दस्तात यायला हवा. कोऱ्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर सही देऊ नका. "मला वाचायला आठ दिवस हवेत," एवढं म्हटल्याने माहेर तुटू नये. सगळे राजी असतील, तर तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून तुमचा हिस्सा वेगळा करता येतो. वाद झाला, तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, स्त्रियांना त्यात उत्पन्नाची अट नाही. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय आहे. तिथे जाणं जमत नसेल, तर १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा, आणि हक्कसोडपत्राचा मसुदा जवळ ठेवून करा.