वाड्यावर सोलर बसवायचंय, पैसे आम्ही देतो, पुढे काय?

प्रश्न : मी पर्वरीला नोकरी करतो, मूळ गाव सत्तरीत. आमच्या वाड्यावर 22 घरं. यंदा चवथीला गेलो तर लाइट सारखी येत-जात होती, आरतीला मोबाइलचा टॉर्च. आम्ही बाहेर राहणारे सात-आठ जण मिळून दीड-दोन लाख काढू शकतो. देवळाच्या सभामंडपावर सोलर बसवून द्यायचं म्हणतोय, म्हणजे लाइट गेली तरी हॉलचे पंखे-ट्यूब आणि वाटेवरचे दिवे चालतील. सबसिडी मिळेल ना? (एक वाचक, पर्वरी)

उत्तर : आधी वाईट बातमी सांगतो. तुम्ही म्हणताय तसं साधं नेट मीटरवालं, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीज खात्याच्या लाइनला जोडलेलं सोलर बसवलंत तर लाइट गेली की तेही बंद पडणार, भर उन्हात सुद्धा! लाइनवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. हे बसवणारे सांगत नाहीत, किंवा सांगतात आणि आपण ऐकत नाही. लाइट गेल्यावरही चालवायचं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी लागते, आणि खर्च तिथेच वाढतो.

वाटेवरच्या दिव्यांचंच बघा. 10 वॅटचे 20 दिवे, रात्री 12 तास, म्हणजे 2.4 युनिट. इन्व्हर्टरची साधी 12 व्होल्ट 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरी कागदावर 1.8 युनिट देते पण रोज अर्ध्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे नुसत्या दिव्यांना तीन बॅटऱ्या, आणि पावसात ढग बसले की त्याही नीट चार्ज होत नाहीत. म्हणून मी म्हणेन दिवे वीज खात्याच्या लाइनवरच राहू देत, बॅटरी फक्त हॉलच्या दोन-चार ट्यूब, पंखे आणि मोबाइल चार्जिंगपुरती घ्या, लिथियम परवडली तर उत्तम.

सबसिडीचं म्हणाल तर पीएम सूर्यघर योजना 2024 मध्ये आली ती घरगुती कनेक्शनसाठी. पहिल्या 2 किलोवॅटला किलोवॅटमागे 30,000, तिसऱ्याला 18,000, जास्तीत जास्त 78,000. देवळाचा हॉल त्यात बसत नाही. पण वाड्यावरची घरं बसतात, आणि तिथे तुमचे दोन लाख जास्त कामाला येतील असं मला वाटतं. सबसिडी नंतर खात्यात येते, आधी सगळे पैसे भरावे लागतात, गावातली बाई तिथेच अडते. तुम्ही ते फिरते पैसे द्या, एका घराची सबसिडी आली की पुढच्या घराला. हिशेब बायकांच्या बचत गटाकडे ठेवा, त्या एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाहीत.

तरी हॉलवरच बसवायचं ठरलं तर छप्पर बघा. मंगळुरी कौलांवर पॅनल नुसतं ठोकता येत नाही, खालून लोखंडी स्ट्रक्चर लागतं आणि ते कोटेशनमध्ये हळूच नंतर येतं. शेजारी माड असेल तर झावळीची सावली एका पॅनलवर पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांचं उत्पादन घसरतं, नारळ पडला तर विषयच संपला. पावसात पॅनलच्या खालच्या कडेला हिरवट शेवाळ धरतं, चवथीच्या साफसफाईत ते ओल्या फडक्याने पुसायला एक माणूस नेमा, नाव ठरवून.

आमच्याच गावात सोलरचे खांब आले होते, फीत कापली, फोटो निघाले. तिसऱ्या वर्षी बॅटऱ्या गेल्या. आता एका खांबाला कपडे वाळत घालायची दोरी आहे, ती मात्र रोज वापरात आहे. बिहारमधलं धरणई गाव 2014 मध्ये गावापुरत्या 100 किलोवॅटच्या सोलर ग्रिडमुळे देशभर गाजलं, मग सरकारी लाइन आली, ती स्वस्त पडली, बॅटऱ्या संपल्या, नवीन घ्यायला कोणी पुढे आलं नाही. उलट गुजरातेत ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी 2016 च्या सुमाराला सोलर पंपांची सहकारी मंडळी काढली, उरलेली वीज वीज कंपनीच्या लाइनला विकायची, दर महिन्याला पैसे. पंप चालू ठेवण्यात त्यांचाच फायदा, मग बिघडला तर कोण दुरुस्त करणार हा प्रश्नच उरत नाही. तुमच्या 22 घरांना दुरुस्तीसाठी 50 रुपये महिना काढायला सांगा, वर्षाचे 13,200 होतात. पैसे देण्याआधी हे सुरू करून बघा, तीन महिने नियमित जमले तरच चेक फाडा. पंचाला आणि देवळाच्या कमिटीला आधी विश्वासात घ्या, नाहीतर पॅनल कुणाच्या बाजूला यावरून ग्रामसभेत वर्ष जाईल.

प्रश्न : आमच्या कुळागरातून (माड-सुपारीच्या बागेतून) बारीक व्हाळ, म्हणजे ओढा, वाहतो, त्यावर वीज होईल का? (सांगे)

उत्तर : होईल, पण आधी बादली घेऊन जा. 20 लिटरची बादली किती सेकंदात भरते ते घड्याळ लावून मोजा, मग पाणी किती मीटर खाली पडतं ते पाइपने मोजा. सेकंदाला 10 लिटर आणि 20 मीटर उतार असेल तर अर्धं वाया गेलं धरूनही साधारण 1 किलोवॅट येतं, रात्रंदिवस. आणि व्हाळ भरून वाहतो तो नेमका पावसात, सोलर झोपलेलं असतं तेव्हा! पलीकडे कर्नाटकात मलनाडातल्या सुपारीवाल्यांनी अशी छोटी टर्बाइनं बसवलीत. फक्त मोजमाप मे महिन्यातही करा, कारण जुलैचा आकडा बघून मोटर घेतलीत तर उन्हाळ्यात ती गंजत पडेल. आणि खालच्या कुळागरवाल्याशी आधी बोला, पाटाच्या पाण्यावरून भांडणं कशी होतात ते तुम्हाला मी काय सांगू.