देवीच्या कार्यालयाला घरपट्टी का?

प्रश्न : बाई, आमच्या गल्लीतल्या देवळाशेजारी पंच कमिटीने वर्गणी काढून मंगल कार्यालय बांधलं. रस्त्याकडेला चार गाळेही आहेत. आता महापालिकेची घरपट्टीची नोटीस आलीय, कन्नडमध्ये. लोक चिडलेत. देवाच्या घराला कसला कर? आणि घ्यायचाच तर आमच्याच देवळांकडून का? – एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : तुम्ही वडगावचे, म्हणजे मागांचा खडखडाट ऐकतच मोठे झाला असाल. तुमच्या शेजारचा विणकर सुताच्या खरेदीवर ५ टक्के जीएसटी मोजतो, घराची पट्टी भरतो आणि त्यातून उरलेलं आषाढात मंगाईच्या यात्रेला देवीपुढे ठेवतो. मी या माणसाच्या बाजूने बोलणार आहे.

गाभारा आणि सभामंडप यांवर कर नको, असं माझं ठाम मत आहे. तिथे कुणी नफा कमवायला बसलेलं नाही. आपल्या महापालिका कायद्यातही सार्वजनिक पूजेसाठी राखलेल्या आणि त्यासाठीच वापरात असलेल्या जागेला घरपट्टी माफ आहे. पण कार्यालयाचं तसं नाही. लग्नाच्या दिवशी तिथे पाचशे पानं उठतात. त्या पत्रावळ्या पालिकेची गाडी उचलते, खरकटं पाणी पालिकेच्या गटारात जातं. त्याच रस्त्यावर एखाद्याने कर्ज काढून कार्यालय बांधलं असेल, तर त्याने पट्टी भरायची आणि कमिटीने नाही, हे मला पटत नाही. गाळ्यांचंही तेच. जीएसटीवाल्यांनीही हीच रेघ ओढलीय. नोंदणीकृत धार्मिक ट्रस्टच्या देवळाच्या आवारातली जागा भाड्याने दिली तर कर नाही, पण सभागृहाचं भाडं दिवसाला १०,००० रुपये, गाळ्याचं महिन्याला १०,००० किंवा खोलीचं दिवसाला १,००० झालं की ती सूट संपते. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर नोंदणीचीच गरज पडत नाही.

‘आमच्याच देवळांकडून’ हे मात्र मनातून काढून टाका. आयकराची सवलत देऊळ, मशीद, चर्च, जैन बस्ती सगळ्यांना एकाच अटीवर आहे : संस्थेची नोंदणी हवी, वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के संस्थेच्या कामावर खर्च व्हायला हवेत आणि पंचांच्या घरी एक पैसा जाता कामा नये. तुमच्या मनात मुजराई खात्याची, म्हणजे देवळांचा कारभार बघणाऱ्या कर्नाटक सरकारच्या खात्याची कपात असणार. १९९७ च्या कायद्याखाली खात्याकडे असलेल्या देवळांपैकी वर्षाला १० लाखांवर उत्पन्न असलेल्यांनी निव्वळ उत्पन्नाच्या १० टक्के आणि ५ ते १० लाखवाल्यांनी ५ टक्के द्यायचे, अशी तरतूद २०११ मध्ये झाली. २०२४ मध्ये ही आकारणी बदलणारं विधेयक आलं, तेव्हा ‘देवळांवर कर’ म्हणून केवढा गदारोळ झाला! पण ती रक्कम सामायिक निधीत जाते आणि ज्या देवळात दिव्याच्या तेलाचीही पंचाईत असते, तिथे ती लागावी हा तिचा हेतू आहे. वक्फ संस्थाही आपल्या मंडळाला वाटा देतात. पूर्वी तो ७ टक्के होता, २०२५ च्या दुरुस्तीत ५ टक्के झाला.

आता जे मला खरोखर लागतं ते सांगते. माझे वडील खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी देवळाचे खजिनदार होते. फंडपेटी फोडायच्या दिवशी सतरंजीवर नाणी ओतली जायची. भंडाऱ्याने माखलेली, तेलाने चिकटलेली. आम्ही पोरं दहा-दहाच्या चवडी लावायचो आणि रात्री जेवताना भाताला पिवळी बोटं लागायची. जत्रा झाली की वडील पारावर बसून वही वाचायचे. कुणी चार आणे दिले असतील, तर त्याचंही नाव यायचं आणि घंटेच्या दोरीला किती लागले तेही. वाचून होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

पुढे मी शहरातल्या एका देवळाच्या हिशेबाला बसले. आयुष्यभर वाणिज्य शिकवलेलं, म्हणून बोलावलं होतं. एका बाईने नवसाची सोन्याची नथ वाहिली होती. तिने मला ती कोणत्या सणाला वाहिली तेही सांगितलं. नोंदवहीत नथ नव्हती. विचारलं तर पंच म्हणाले, ‘बाई, देवाचा हिशेब कोण मागतं?’ मी त्या दिवशी वही मिटून घरी आले आणि आजही त्या बाईला बाजारात बघितलं की मला दुसऱ्या बाजूने जावंसं वाटतं. सरकार ज्या पैशावर हक्क सोडतं, तो पैसा कमिटीचा होत नाही हो, तो त्या बाईचाच राहतो.

तुमच्या नोटिशीचं असं करा. देवळाचं, कार्यालयाचं आणि गाळ्यांचं माप वेगवेगळं काढून घ्या. देवळापुरती माफी मिळावी म्हणून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. माफीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका, कार्यालयाची आणि गाळ्यांची पट्टी मुदतीत भरून टाका. गाळ्यांचे करार कोऱ्या विश्वासावर असतील, तर या महिन्यातच कागदावर आणा. आणि पट्टीची पावती कपाटात ठेवू नका. तिची झेरॉक्स देवळाच्या फलकावर लावा आणि खाली मराठीत रक्कम लिहा, म्हणजे आरतीला येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही वाचता येईल.