योजना आधीची, मग दोष कोणाचा?

प्रश्न : उत्तम शुक्रवारच्या उपासनेत आमच्या पाळकांनी सांगितले की, आपल्या तारणाची योजना देवाने जगाच्या स्थापनेपूर्वीच केली होती. कार्यालयातील एका सहकाऱ्याजवळ मी हे बोललो, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आमच्या सटवाईसारखेच की! कपाळावर लिहिले ते टळत नाही." आदामाचे पतन आणि येशूला शत्रूंच्या हाती देणाऱ्या त्याच्या शिष्याचा, यहूदा इस्कर्योताचा, विश्वासघात हेही आधीच ठरलेले असतील, तर त्यांना दोष का द्यावा?
— एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : आपल्या सहकाऱ्याची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. योजना आधीची आहे, हे तर शास्त्रच सांगते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल म्हणतो की, जगाच्या स्थापनेपूर्वीच देवाने आपल्याला ख्रिस्ताच्या ठायी निवडले. आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात ज्या निष्कलंक कोकऱ्याच्या रक्ताने आपली सुटका झाली, तो कोकराही जगाच्या आधीपासून नेमलेला असल्याचे म्हटले आहे. तेव्हा वधस्तंभ म्हणजे एदेन बागेत सारे बिघडल्यानंतर घाईने केलेली डागडुजी, असे ख्रिस्ती श्रद्धा मानीत नाही.

सटवाईशी साम्य मात्र येथेच संपते. सटवाई दुसऱ्याच्या कपाळावर लिहून निघून जाते. त्या लेखाचे भोग तिच्या वाट्याला येत नाहीत. येथे ज्याने योजना केली, त्यानेच तिची किंमत स्वतः भरली, आणि तीही पंतय पिलाताच्या कारकिर्दीत, यरुशलेम नगराच्या वेशीबाहेर, खिळ्यांनी. शिवाय पौल जेव्हा या निवडीविषयी लिहितो, तेव्हा कोणाच्या आयुष्यात काय घडणार याची यादी तो देत नाही. तो देवाची स्तुती करतो आणि वाचकांना आठवण देतो की, आपण पवित्र व निर्दोष व्हावे यासाठी ही निवड झाली आहे. नशिबावर हवाला ठेवून स्वस्थ बसण्यास त्या अध्यायात कोठेही आधार नाही.

आता यहूदा. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू एकाच वाक्यात दोन गोष्टी सांगतो : मनुष्याचा पुत्र (म्हणजे तो स्वतः) ठरल्याप्रमाणे जातो, परंतु ज्याच्या हातून तो धरून दिला जातो त्या माणसाची केवढी दुर्दशा! पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, पेत्राचे भाषणही याच धर्तीचे आहे. देवाच्या ठाम संकल्पानुसार येशू स्वाधीन केला गेला, असे म्हणून तो तेथेच श्रोत्यांना सुनावतो की, तुम्ही अधर्म्यांच्या हातून त्याला मारलेत. ऐकणाऱ्यांच्या अंतःकरणास ते लागले आणि आम्ही काय करावे, असे त्यांनी विचारले. होणार ते झाले, आता घरी जा, असे काही पेत्र त्यांना म्हणाला नाही. पश्चात्ताप करा, असे त्याने सांगितले. उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायातील योसेफही, ज्याला भावांनीच विकून टाकले होते, त्या भावांचा दुष्ट हेतू लपवीत नाही आणि देवाचा चांगला हेतूही नाकारीत नाही. आदामाविषयी एवढेच म्हणता येईल की, त्याचे पतन देवाच्या ज्ञानाबाहेरचे नव्हते, पण देव कोणाला पापाच्या मोहात पाडीत नाही, हे याकोबाचे पत्र निःसंदिग्धपणे सांगते. (कॅथलिक परंपरेत पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणविधीत गायल्या जाणाऱ्या स्तोत्रात आदामाच्या अपराधाला 'धन्य' म्हटले आहे, परंतु ती तारणाऱ्याच्या आनंदात उमटलेली कवीची वाणी आहे, तिच्यातून पापाचे समर्थन काढणे अरसिकपणाचे होईल.)

संकल्प आणि स्वातंत्र्य यांचा मेळ नेमका कसा बसतो, यावर मंडळीत ऑगस्टीन या प्राचीन धर्माचार्याच्या काळापासून वाद आहेत. 529 साली फ्रान्समधील ऑरेंजच्या धर्मसभेने देवाने कोणाला दुष्टतेसाठी नेमले हे मत धिक्कारले. 1618–19 मध्ये नेदरलँड्समधील डॉर्टच्या धर्मसभेने, तारण कोणाचे होणार हे देवाच्या निवडीवरच ठरते, यावर भर दिला. अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने ती मांडणी नाकारून कृपा सर्वांसाठी खुली असल्याचे आग्रहाने सांगितले. आपण नागपूरचे आहात म्हणून मुद्दाम लिहितो : 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्याच शहरात उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांत डॉर्टच्या विचाराला जवळची प्रेस्बिटेरियन आणि वेस्लीची मेथडिस्ट अशा दोन्ही परंपरांचे वारस होते. माझे स्वतःचे मत वेस्लीकडे झुकते, पण डॉर्टच्या बाजूने बोलणाऱ्यांना शास्त्राचा आधार नाही, असे मी म्हणणार नाही.

प्रश्न : मग ख्रिस्तापूर्वी होऊन गेलेल्या माणसांचे काय?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : योजना काळापूर्वीची असल्यामुळेच याचे उत्तर देता येते. रोमकरांस पत्रात पौल अब्राहामाला विश्वासाने नीतिमान ठरलेला म्हणतो, आणि देवाने पूर्वीची पापे सहनशीलतेने सोडून दिली ती ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताकडे पाहून, असे सांगतो. ज्यांच्या कानी सुवार्ता कधीच पडली नाही, त्यांच्याविषयी मंडळ्यांत मतभेद आहेत. 1964 साली कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने असे म्हटले की, स्वतःचा दोष नसता सुवार्तेपासून दूर राहिलेले, परंतु कृपेच्या प्रेरणेने प्रामाणिकपणे देवाचा शोध घेणारे आणि सदसद्विवेकानुसार वागणारे लोकही तारण पावू शकतात. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एवढे स्पष्ट विधान करीत नाहीत आणि तो निर्णय देवावर सोडतात.