नुसती वाट बघायची, तर मग या गेममध्ये आहे तरी काय?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ट्रॅव्हियन (ब्राउझरमध्ये चालणारा, गाव वाढवत एकमेकांशी लढायचा ऑनलाइन गेम) सुरू केलं, लाकडाचं शेत वाढवायचं, टायमर संपायची वाट बघायची, पुन्हा वाढवायचं. चित्रंसुद्धा धड हलत नाहीत. लोक यात महिनोन्‌महिने काय बघतात, आणि पुढे खेळावं का?

खेळा. पण आत्ता खेळताय तसं एकट्याने नको. सुरुवातीच्या संरक्षणाच्या दिवसांत कोणी तुमच्या केसालाही धक्का लावू शकत नाही, म्हणून तो काळ सगळ्यांनाच आळणी लागतो. ते संरक्षण उठलं की पहिल्याच रात्री ट्यूटन या लुटारू जमातीचा कोणीतरी शेजारी गोदाम झाडून नेतो आणि मग झोप उडते.

आमच्या जळगाव-धुळ्याकडे हे गेम रुजले त्याला कारण होतं. सायबर कॅफेतल्या रडतखडत चालणाऱ्या कॉम्प्युटरवरही पान उघडायचं, काही इन्स्टॉल करायला लागायचं नाही. पुढे साध्या फोनवर ऑपेरा मिनीतही चालायचं. आणि भारनियमन! दुसरा कुठलाही गेम लाईट गेली की मेला. यात लाईट आपल्या गल्लीतली जायची, सर्व्हर आपला चालूच. चार तासांनी येऊन बघावं तर भिंत एक पातळी वर चढलेली. नाहीतर लोखंड गायब.

सगळी मेख इथेच आहे. ओगेम (२००२), ट्रायबल वॉर्स (२००३), ट्रॅव्हियन (२००४) ही सगळी जर्मनीतून आलेली मंडळी, आणि तिघांची अट एकच: तुम्ही नसताना जग थांबत नाही. बाकी गेममध्ये तुम्ही बटण दाबेपर्यंत शत्रू ताटकळत उभा असतो. इथे तुम्ही जेवायला बसलात, पेपरला बसलात, लग्नाला गेलात, तरी त्याचं सैन्य चालतंच. अवकाशयुद्धाच्या ओगेमवाले तर झोपण्याआधी यानांचा आख्खा ताफा मुद्दाम लांबच्या फेरीवर पाठवतात, कारण उडत्या ताफ्यावर हल्ला करता येत नाही. तो सकाळी आपण उठल्यावर परत यावा असा हिशोब लावून मगच दिवा बंद.

आता एका माणसाला चोवीस तास जागं राहता येत नाही, म्हणून माणसं जोडावी लागतात. माझ्या मते या गेमची खरी गोडी यातच आहे, इमारती-बिमारती हे निमित्त. ट्रॅव्हियनमध्ये आपल्या खात्याला दोन सिटर नेमता येतात. आपण नसताना त्यांनी आपलं गाव सांभाळायचं. आमच्या अलायन्समध्ये, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत, रात्रीचा पहारा रावेर तालुक्यातला एक केळीवाला करायचा. शेतीची लाईट तेव्हा एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असायची. रात्रीच्या आठवड्यात त्याला मोटर चालू करायला आणि ड्रिपचे व्हॉल्व्ह फिरवायला उठावंच लागे. एक व्हॉल्व्ह फिरवला की बांधावर बसून फोनवर सगळ्यांचे रॅली पॉइंट तपासायचा, गावावर कोणाचं सैन्य चाल करून येतंय ते तिथे दिसतं. दिवसाची लाईट असलेल्या आठवड्यात भुसावळचे एक रेल्वेवाले काका नाईट ड्युटीवरून तेच काम करत. काकांचा हिशोब इतका चोख की कोणाच्या गावात किती क्रॉप (धान्य) उरलाय हे त्या माणसाआधी त्यांना ठाऊक असायचं. निरोप अहिराणीतच, तेही इंग्रजी अक्षरांत. ‘ऊठ रे भो, हल्ला ऊना’ (हल्ला आला) एवढंच. शत्रूचा हेर आमच्यात शिरलेला असला तरी ते कुठल्या ट्रान्सलेटरमध्ये घालणार!

हल्ला कसा वाचायचा ते एकदा बघा, म्हणजे त्या रिकाम्या पानात काय दडलंय ते कळेल. तुमच्यावर सैन्य निघालं की पोहोचण्याची वेळ सेकंदापर्यंत दिसते, सैन्य काय आहे ते मात्र दिसत नाही. पण सैन्य नेहमी सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालतं. साध्या सर्व्हरवर कॅटापल्ट (इमारती फोडणारं दगडफेकी यंत्र) तासाला नकाशावरचे ३ चौकोन जातो, रॅम (भिंत फोडणारा ओंडका) ४. समजा हल्ला करणारा १८ चौकोनांवर आहे. रॅम असतील तर साडेचार तास लागतील, कॅटापल्ट असतील तर सहा. तुम्ही बघितलं तेव्हा घड्याळात पाच तास शिल्लक असतील तर नक्की कॅटापल्ट आहेत. चारच तास दिसत असतील तर? रॅम निघून अर्धा तास झालेला असेल, नाहीतर कॅटापल्ट निघून दोन तास. मग शेवटचं कधी बघितलं होतं यावर सगळं आलं, आणि म्हणूनच केळीवाल्याचा तो अर्ध्या रात्रीचा फेरा लाखमोलाचा. समोरचाही कच्च्या गुरूचा चेला नसतो. एकाच वेळी दहा गावांवर एकेक कॅटापल्ट असलेली फौज सोडतो, त्यातला खरा हल्ला एकच, बाकी फेक, म्हणजे नुसती हूल. आता मदतीची फौज कुठल्या गावात पाठवायची? एवढ्या एका प्रश्नावर आमच्यात पहाटेपर्यंत भांडणं झालीत.

बरं, फौज पाठवली म्हणजे सुटलात असंही नाही. ती ज्याच्या गावात उभी त्याच्याच कोठारातलं खाते. दहा हजार फॅलँक्स (बचावाचे भालेवाले) तासाला दहा हजार क्रॉप फस्त करतात आणि कोठार रिकामं झालं की उपाशी मरायला लागतात. म्हणजे सैन्य पाठवणारे वेगळे, मागून धान्य पोहोचवणारे वेगळे, आणि ते धान्य वेळेत पोहोचेल हे बघणारा तिसराच. ज्याला लढाईत रस नाही असा माणूससुद्धा इथे कामाचा. १५ क्रॉपची शेतं असलेलं गाव घेऊन वर्षभर नुसतं धान्य पुरवणारे लोक मी पाहिलेत, आणि अलायन्समध्ये मान त्यांनाच जास्त.

शेवटही विचित्र आहे. ‘जगातलं आश्चर्य’ नावाची इमारत १०० व्या पातळीपर्यंत जी अलायन्स आधी बांधेल ती जिंकते, आणि मग सर्व्हर पुसून नव्याने सुरू. महिनोन्‌महिने उभं केलेलं सगळं पाटी कोरी. काहींना हे भयंकर वाटतं. मला उलट हाच भाग आवडतो, कारण जुना दादा पुढच्या फेरीत तुमच्यासारखाच एका गावावर येतो. ओगेमचं विश्व वर्षानुवर्षं चालत राहतं, तिथे नव्याने शिरणाऱ्याचा जीव दडपतो.

तक्रारही सांगतो. खरे पैसे देऊन गेममधली सोन्याची नाणी विकत घेणाऱ्याला भरपूर सोयी मिळतात, लुटायच्या गावांच्या यादीवर एका क्लिकवर सैन्य पाठवता येतं, बांधकामाची रांग लावता येते. बिनपैशाचा माणूस तेच काम हाताने करत बसतो. वर एकच माणूस चोरून चार खाती चालवतो, आपोआप खेळणारा बॉट लावतो, तो त्रास वेगळाच. पैसे न घालता खेळता येतं, पहिल्या नंबराची आशा तेवढी सोडायची. आणि बारावी किंवा इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष असेल तर सरळ थांबा. नवे सर्व्हर निघतच असतात. होस्टेलवरच्या पोरांनी हल्ल्यासाठी पहाटे तीनचा गजर लावून सकाळी पेपरला दांडी मारलेली मी पाहिली आहे.

खेळायचंच असेल तर सर्व्हर सुरू झाल्याच्या पहिल्या दोन-चार दिवसांत शिरा, उशिरा गेलात तर तुम्ही म्हणजे दुसऱ्याचं गोदाम. पहिल्या खेपेला गॉल ही जमात घ्या. त्यांचा बचाव बरा, आणि लुटीपासून माल लपवायची जागाही मोठी. वेगवेगळ्या वेळी मोकळे असणारे तीन-चार ओळखीचे सोबत घ्या. सगळे एकाच कॉलेजचे असतील तर सगळे एकाच वेळी झोपतील. सिटर मात्र ज्याला घराची किल्ली द्याल त्यालाच करा. आणि आज संध्याकाळीच नकाशा उघडून आजूबाजूच्या गावांना एकेक निरोप टाका. दोन दिवसांत जो काहीच उत्तर देणार नाही आणि ज्याची लोकसंख्याही वाढणार नाही, त्याचं गाव लिहून ठेवा. पहिली धाड तिकडे.